सीसीएनए करावे की नाही? नेटवर्किंगच्या पहिल्या प्रमाणपत्राची तयारी आणि त्याचे खरे मोल

वस्तीतील अभ्यासिकांमध्ये आम्ही करिअर मार्गदर्शनासाठी बसतो तेव्हा पदवी झालेली मुले-मुली मोबाईलवर एक जाहिरात उघडून दाखवतात. ‘सीसीएनए करा, शंभर टक्के नोकरी मिळवा.’ खाली फीचा पाच आकडी रकमेचा तक्ता आणि हप्त्याची सोय. मग प्रश्न येतो, ‘करू का?’

गेल्या वर्षी एका मुलाच्या आईने बचत गटातून कर्ज काढून अशीच फी भरली. क्लास संपल्यावर कळले की परीक्षेची फी त्यात धरलेलीच नव्हती. पुन्हा तेवढे पैसे उभे राहिले नाहीत आणि मुलाने परीक्षा दिलीच नाही. आज त्याच्याकडे क्लासचा एक रंगीत कागद आहे. तो कोणतीही कंपनी विचारात घेत नाही. अशी वेळ आणखी कोणावर येऊ नये म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

हे प्रमाणपत्र काय आहे?

सीसीएनए म्हणजे ‘सिस्को सर्टिफाइड नेटवर्क असोसिएट’. राउटर, स्विच अशी नेटवर्कची यंत्रे बनवणारी सिस्को ही अमेरिकन कंपनी १९९८ पासून हे प्रमाणपत्र देते. पूर्वी त्याच्या अनेक शाखा होत्या. फेब्रुवारी २०२० पासून त्या एकत्र करून २००-३०१ या क्रमांकाची एकच परीक्षा ठेवण्यात आली. परीक्षा १२० मिनिटांची असते आणि पिअर्सन व्ह्यू या संस्थेच्या केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन देता येते. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. त्यानंतर ते नव्याने टिकवावे लागते.

परीक्षेला बसण्यासाठी शिक्षणाची कोणतीही अट नाही. बारावी झालेला किंवा आयटीआयचा विद्यार्थीही बसू शकतो. मात्र नोकरी देणाऱ्या बऱ्याच कंपन्या पदवी किंवा पदविका मागतात. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

याच पातळीवर कॉम्पटिया या संस्थेचे ‘नेटवर्क प्लस’ आहे. ते एखाद्या कंपनीच्या यंत्रांशी बांधलेले नाही. सिस्कोचेच ‘सीसीएसटी नेटवर्किंग’ हे त्याहून सोपे आणि स्वस्त प्रमाणपत्र आहे. आमच्या अनुभवात, आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातींत सर्वाधिक नाव सीसीएनएचेच दिसते.

अभ्यासक्रमात काय असते?

सिस्कोने विषयांचा भार जाहीर केलेला आहे. नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, नेटवर्क अॅक्सेस (स्विच, व्हीलॅन, वायफाय) २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी (राउटिंग, ओएसपीएफ) २५ टक्के, आयपी सेवा (डीएचसीपी, नॅट) १० टक्के, सुरक्षिततेची मूलतत्त्वे १५ टक्के, ऑटोमेशन १० टक्के. म्हणजे पहिल्या तीन भागांतच ६५ टक्के परीक्षा आहे. वेळ कमी असेल तर आधी तिकडे लक्ष द्यावे.

आमची मुले सर्वांत जास्त अडखळतात ती सबनेटिंगला. खरे तर त्यात बेरीज, वजाबाकी आणि दोनचा पाढा एवढेच गणित आहे. एक उदाहरण पाहू. पत्ता आहे १९२.१६८.१०.७७/२६. आयपी पत्त्यात एकूण ३२ बिट असतात. त्यांतील २६ नेटवर्कसाठी गेले, उरले ६. दोनचा सहावा घात ६४. म्हणून गट पडतात ०, ६४, १२८ आणि १९२ पासून. ७७ हा ६४ ते १२७ च्या गटात येतो. त्यातील ६४ हा पत्ता नेटवर्कचा आणि १२७ ब्रॉडकास्टचा. उरलेले ६५ ते १२६ असे ६२ पत्ते यंत्रांना देता येतात. अशी रोज दहा गणिते महिनाभर सोडवली की कागदाशिवाय उत्तर येऊ लागते. गणितात ‘कच्चा’ म्हणून शाळेत मागच्या बाकावर बसवलेल्या मुलांना आम्ही हे करताना पाहिले आहे.

तयारी कशी करावी?

पहिले तीन महिने क्लासला एक रुपयाही देऊ नये. यूट्यूबवर ‘जेरेमीज आयटी लॅब’ या नावाने सीसीएनएचा संपूर्ण अभ्यासक्रम मोफत आहे. सिस्को नेटवर्किंग अकादमीच्या संकेतस्थळावर खाते उघडले की ‘पॅकेट ट्रेसर’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात राउटर, स्विच, केबल सर्व पडद्यावर जोडून सराव करता येतो. जुन्या साध्या लॅपटॉपवरही बहुतेक सराव होतो. केवळ मोबाईलवर व्हिडिओ पाहून हा विषय येत नाही, हात चालवावा लागतो.

सरावाची आमची पद्धत साधी आहे. एक राउटर, दोन स्विच, दोन व्हीलॅन मांडायचे. सर्व संगणकांना डीएचसीपीने पत्ता मिळाला पाहिजे आणि एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पिंग गेले पाहिजे. ते जमले की मित्राने गुपचूप एक चूक करून ठेवायची आणि आपण ती शोधायची. नोकरीत काम हेच असते. कोणी तरी फोन करतो, ‘नेट चालत नाही’, आणि कारण आपल्याला शोधायचे असते.

रोज दीड-दोन तास दिले तर पाच ते सहा महिन्यांत तयारी होते. परीक्षा मराठीत किंवा हिंदीत नाही. म्हणून सुरुवातीपासून इंग्रजी संज्ञा इंग्रजीतच लिहाव्यात, समजून मात्र मराठीत घ्यावे. एकमेकांना मराठीत समजावून सांगता आले की विषय कळला असे धरावे.

परीक्षेत एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसेच भरावे. घरून परीक्षा देण्याचा पर्याय आकर्षक वाटतो, पण त्यासाठी बंद खोली, शांतता आणि अखंड इंटरनेट लागते. परीक्षा चालू असताना खोलीत दुसरे कोणी आले तर परीक्षा थांबवली जाऊ शकते. एका खोलीत पाच माणसे राहतात त्या घरातील मुलांनी केंद्रावरच जावे.

आणखी एक इशारा. परीक्षेतील प्रश्न चोरून तयार केलेले ‘डंप’ टेलिग्रामवर आणि काही क्लासमध्येही विकले जातात. ते वापरणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. मुलाखतीत तर ते लगेच उघडे पडते. ‘संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, काय समजाल?’ असे विचारले जाते. डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही, हे उत्तर पाठांतर करणाऱ्याला सहसा सुचत नाही.

पैशाचा हिशेब

परीक्षेची फी ३०० डॉलर अधिक कर आहे. डॉलरचा दर ८५ रुपये धरला तर २५,५०० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ३०,०९० रुपये. नापास झाल्यास पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. म्हणून वेळ लावून सोडवलेल्या सराव परीक्षांत सलग चांगले गुण पडेपर्यंत नोंदणी करू नये.

क्लास लावायचाच असेल तर तीन प्रश्न लेखी विचारावेत. परीक्षेची फी यात आहे का? मागच्या तुकडीतील किती जणांनी सिस्कोची परीक्षा उत्तीर्ण केली? ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणजे नोकरी की फक्त मुलाखतीची सोय? आणि काहीही झाले तरी मूळ गुणपत्रिका व दाखले कोणाकडेही जमा करू नयेत. ‘बार्टी’सारख्या शासकीय संस्थांमार्फत अनुसूचित जातींच्या युवकांसाठी कौशल्य प्रशिक्षण राबवले जाते. खासगी फी भरण्यापूर्वी तिथे आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

याचे मोल किती?

या प्रमाणपत्राने मिळू शकते ती सहसा पहिल्या पायरीची नोकरी. नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये एल-वन इंजिनिअर, फील्ड इंजिनिअर, डेस्कटॉप सपोर्ट, ब्रॉडबँड कंपनीत तंत्रज्ञ. पुणे, मुंबई, नवी मुंबईत अशी कामे असतात. त्यांत रात्रपाळी असते आणि पुष्कळदा नेमणूक कंत्राटी असते. मुलींच्या घरच्यांशी पाळी आणि प्रवास यांविषयी आधीच मोकळेपणाने बोलावे, म्हणजे हातात आलेली नोकरी सोडण्याची वेळ येत नाही.

समाजशास्त्रात ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात ते इथे आडवे येते. ज्याचा मामा किंवा शेजारी आयटीत आहे त्याचा अर्ज ओळखीने आत जातो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी ओळख नसते. त्यांच्यासाठी प्रमाणपत्र अर्ज बाजूला पडू नये इतके काम नक्की करते. इंजिनिअरिंगच्या पदवीधराला ते जितके उपयोगी पडते त्याहून अधिक साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्याला पडते. पुढचे सर्व मात्र मुलाखतीतील उत्तरांवर ठरते.

सिस्कोचे नाव आपल्या चळवळीत आणखी एका कारणाने माहीत आहे. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने या कंपनीवर जातिभेदाचा खटला दाखल केला. एका दलित अभियंत्याला जातीवरून डावलल्याचा आरोप त्यात होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये दोन अभियंत्यांवरील व्यक्तिगत दावा विभागाने मागे घेतला, कंपनीविरुद्धचा दावा तेव्हा कायम राहिला. हे पाहून काही तरुण विचारतात, मग त्यांचेच प्रमाणपत्र का घ्यायचे? आमचे मत असे की कौशल्य बाजारात चालते त्या नाण्यात घ्यावे. परीक्षेच्या संगणकाला आडनाव कळत नाही, पण नोकरीतल्या माणसांना कळते. म्हणून नोकरी लागल्यावर कामाच्या नोंदी, ईमेल, मूल्यमापनाचे कागद जपून ठेवण्याची सवय लावावी.

कोणी करावे, कोणी थांबावे?

तीन महिने मोफत साहित्यावर टिकलेल्या, पॅकेट ट्रेसरमधील चूक शोधायला मजा वाटणाऱ्या आणि पाळीच्या कामाला तयार असलेल्या मुला-मुलींनी जरूर करावे. ज्याला संगणकाची मूलभूत ओळखच नाही त्याने आधी ती करून घ्यावी. आयटीआयचा ‘कोपा’ अभ्यासक्रम त्यासाठी चांगला आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुख्य तयारीत असलेल्याने दोन्ही दगडांवर पाय ठेवू नये. आणि फक्त जाहिरात पाहून कर्ज काढू नये.

आमच्या अभ्यासिकेत चौघांनी मिळून एका लॅपटॉपवर सुरुवात केली होती. दोघे मध्येच थांबले, त्यांचे पैसे गेले नाहीत. एकाची तयारी चालू आहे. बी.एस्सी. झालेली एक मुलगी दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली आणि नवी मुंबईत रात्रपाळीला लागली. सुटीचा रविवार असला की ती विहारात येऊन पुढच्या तुकडीला सबनेटिंग शिकवते. ज्या विहारात एक जुना लॅपटॉप आणि वायफाय आहे तिथे असा गट पुढच्या रविवारीही सुरू होऊ शकतो.