बनावट प्रोटोटाइप (ॲक्शन फिगर संग्रह)

कारखान्यातील विकासाच्या टप्प्यावरचा नमुना म्हणून विकली जाणारी, पण प्रत्यक्षात तयार खेळण्यापासून किंवा त्याच्या प्रतिकृतीपासून नंतर घडवलेली वस्तू. जुन्या ॲक्शन फिगरच्या बाजारात, विशेषतः अमेरिकेतील केनर कंपनीच्या १९७८ ते १९८५ या काळातील ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या संदर्भात, हा प्रकार ठळकपणे आढळतो. खरा प्रोटोटाइप मेणाकडून साच्याकडे आणि साच्याकडून दुकानाकडे जातो. बनावटीचा प्रवास दुकानात विकलेल्या फिगरपासून मागे होतो. ओळखीच्या बहुतेक कसोट्या ही उलटी दिशा पकडण्यासाठीच असतात.

पार्श्वभूमी : ओहायओ राज्यातील सिनसिनाटीची केनर ही कंपनी १९६७ पासून जनरल मिल्सच्या मालकीची होती. ‘स्टार वॉर्स’ मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा खेळणी तयार नव्हती. नाताळासाठी कंपनीने फिगरऐवजी प्रमाणपत्र असलेले पाकीट विकले आणि पहिल्या चार फिगर १९७८ मध्ये टपालाने पाठवल्या. पावणेचार इंच (सु. ९.५ सेंमी.) उंचीचे हे माप पुढे या व्यवसायात रूढ झाले. केनर १९८७ मध्ये टोंकाकडे व १९९१ मध्ये हॅसब्रोकडे गेली. सिनसिनाटीतील कचेरी २००० मध्ये बंद झाली. दरम्यान अनेक नमुने कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचले होते आणि १९९० च्या दशकात संग्राहकांनी ते माजी कर्मचाऱ्यांकडून विकत घेतले. त्यामुळे अस्सल नमुनेही खासगी हातांतूनच बाजारात आले. कोणता नमुना किती संख्येने बनला याची पूर्ण यादी उपलब्ध नाही. बनावट करणाऱ्यांना वाव मिळतो तो याच पोकळीत.

नमुन्यांचे टप्पे : शिल्पकार फिगर प्रथम मेणात घडवत असे. त्यावरून सिलिकोनचा साचा घेऊन युरेथेनमध्ये ओतलेली प्रत म्हणजे ‘हार्डकॉपी’. रंग ठरवण्यासाठी व पोलादी साचे बनवण्यासाठी तिचा उपयोग होई. पोलादी साचा तयार झाल्यावर यंत्रातून चाचणीसाठी काढलेल्या फिगरना ‘फर्स्ट शॉट’ म्हणतात. त्या बहुधा विनारंगाच्या, अनेकदा हाताशी असलेल्या कोणत्याही रंगाच्या प्लॅस्टिकच्या असतात आणि पुष्कळदा त्यांवर स्वामित्वहक्काचा मजकूर नसतो, कारण तो साच्यात नंतर कोरला जाई. वेष्टनाच्या बाबतीत ‘प्रूफ कार्ड’, म्हणजे फिगर झाकणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा न चिकटवलेला छपाईचा नमुना, हा स्वतंत्र संग्राह्य प्रकार आहे.

बनावटीच्या पद्धती : सर्वांत सोपी पद्धत फर्स्ट शॉटची. विक्रीच्या फिगरचा रंग ॲसिटोनसारख्या द्रावकाने उतरवतात आणि पायामागचा ‘जी.एम.एफ.जी.आय. १९७७, हाँगकाँग’ अशा स्वरूपाचा मजकूर घासून काढतात. कापड रंगवण्याच्या रंगात बुडवून ‘चाचणीचा वेगळा रंग’ही तयार करतात. हार्डकॉपीसाठी विक्रीच्या फिगरवरूनच सिलिकोनचा साचा घेऊन रेझिन ओततात. त्रिमितीय स्कॅनर व छपाईयंत्रांमुळे हे काम आणखी सुकर झाले आहे. प्रूफ कार्ड स्कॅन करून पुन्हा छापतात. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटाचे आधी ठरलेले ‘रिव्हेंज ऑफ द जेडाय’ हे नाव असलेल्या कार्डांना मोठी मागणी असल्याने त्यांच्या नकला विशेष होतात.

कसोट्या : (१) माप. साच्यात ओतलेले प्लॅस्टिक थंड होताना आकसते. एबीएस प्लॅस्टिकमध्ये हे आकुंचन साधारण अर्धा टक्का असते. केनरच्या हार्डकॉपी त्यामुळे विक्रीच्या फिगरपेक्षा किंचित मोठ्या असतात. विक्रीच्या फिगरवरून ओतलेली प्रत मात्र तिच्याएवढी किंवा तिच्याहून लहान निघते. पावणेचार इंचांत हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही. व्हर्नियर कॅलिपरने धड, डोके व पाय वेगवेगळे मोजावे लागतात. स्कॅन केलेली आकृती मोठी करून छापता येत असल्याने माप जुळले तरी पुढच्या कसोट्या टळत नाहीत.

(२) पृष्ठभाग. खरवडलेल्या मजकुराच्या जागी सपाट किंवा चकचकीत डाग राहतो आणि तिरप्या प्रकाशात अक्षरांच्या कडा उमटतात. फर्स्ट शॉटवर त्या जागी साच्याचा मूळ पोत अखंड असतो. रंग उतरवलेल्या फिगरच्या डोळ्यांच्या खाचांत, केसांच्या रेषांत व सांध्यांत रंगाचे कण सापडतात. बुडवून रंगवलेल्या फिगरच्या सांध्यांच्या आत मूळ रंग शिल्लक राहतो. आरपार रंगीत प्लॅस्टिकमध्ये आत-बाहेर फरक नसतो. रेझिनमधील बुडबुडे मात्र एकट्याने काही सिद्ध करत नाहीत, कारण ते अस्सल हार्डकॉपीतही असू शकतात. त्रिमितीय छपाईच्या थरांच्या रेषा मात्र १९८० च्या आसपासच्या वस्तूवर असूच शकत नाहीत.

(३) कागद. ऑफसेट छपाईत भिंगाखाली रंगांच्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. इंकजेटमध्ये विखुरलेले शिंतोडे दिसतात. छापील कार्ड स्कॅन करून पुन्हा छापल्यास जाळीवर जाळी येऊन लहरी उमटतात आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकणे हा संशयाचा मुद्दा आहे, निर्णायक पुरावा नव्हे. कागद उजळ करणारी रसायने त्या काळातही वापरात होती.

(४) मालकीचा माग. वस्तू कोणत्या कर्मचाऱ्याकडून, केव्हा व कोणामार्फत आली याची साखळी, जुनी छायाचित्रे व पावत्या यांना मोठे वजन असते. कंपनीच्या चिठ्ठ्या व शिक्के यांचीही नक्कल होते, आणि माजी कर्मचाऱ्याचे प्रामाणिक पत्रही अनेक वर्षांनंतरच्या आठवणीवरच आधारलेले असते. म्हणून पत्र व वस्तू यांची तपासणी वेगवेगळी करून मगच त्यांचा मेळ घालतात. ॲक्शन फिगर ऑथॉरिटीसारख्या संस्था फिगर तपासून सीलबंद पेटीत देतात. पण पेटीवरचा क्रमांक व लेबल हेही पडताळून पाहावे लागते.

रॉकेट सोडणारा बोबा फेट : या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. चार खरेदी-खुणा पाठवणाऱ्यास ‘स्टार वॉर्स’मधील बोबा फेट या पात्राची, पाठीवरून रॉकेट सोडणारी फिगर मोफत देण्याची जाहिरात केनरने १९७९ मध्ये केली. मॅटेलच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ खेळण्यातील क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाल्यानंतर हा बेत सोडून देण्यात आला आणि ग्राहकांना रॉकेट पक्के बसवलेली फिगर मिळाली. सोडणारी यंत्रणा असलेले, बहुतांशी निळसर करड्या विनारंगाच्या प्लॅस्टिकचे मोजके नमुने उरले. पाठीवरील खाचेच्या आकारावरून त्यांचे ‘एल’ व नंतरचा ‘जे’ असे दोन प्रकार ओळखतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेक्सच्या लिलावात एका नमुन्याला १,८५,८५० डॉलर मिळाले. २०२४ मध्ये हेरिटेजच्या लिलावात हाताने रंगवलेला नमुना ५,२५,००० डॉलरला गेला. या खेळण्याच्या प्रतिकृती उघडपणे विकल्या जातात आणि पुढच्या हातात गेल्यावर त्यांतील काही अस्सल म्हणून मांडल्या जातात. विक्रीच्या फिगरची पाठ कापून खाच पाडण्याचेही प्रकार होतात. तेथे खाचेच्या कडांवर पात्याच्या किंवा कानशीच्या खुणा राहतात, साच्यातून निघालेल्या कडेची गोलाई नसते.

जवळच्या संकल्पना : परवान्याविना बनवलेली त्या काळातली खेळणी, उदा. तुर्कस्तानातील ‘उझाय’ मालिकेच्या फिगर, स्वतःच संग्राह्य ठरली आहेत. ती बनावट प्रोटोटाइप नव्हेत. प्रतिकृती म्हणून सांगून विकलेली वस्तूही फसवणूक नाही. उत्पादनातील रंगभेद हा तिसरा प्रकार. भारतात फनस्कूलने परवान्याने काढलेल्या जी. आय. जो फिगरमध्ये रंगांचे असे भेद पुष्कळ आढळतात. अशी फिगर वेगळी दिसली तरी तिच्यावर विक्रीच्या मालाचा मजकूर व रंगकाम पूर्ण असते. तिला ‘चाचणीचा नमुना’ म्हणून जादा किंमत देण्यास आधार नसतो.

खरेदीतील दक्षता : मोजमापांसह सर्व बाजूंची छायाचित्रे, तुलनेसाठी त्याच पात्राची विक्रीची फिगर, मालकीच्या साखळीची कागदपत्रे आणि वस्तू अस्सल नसल्यास पैसे परत देण्याची लेखी हमी, या चार गोष्टी व्यवहारापूर्वी मागतात. त्यांपैकी एखादी द्यायला विक्रेता नकार देत असेल, तर अनुभवी संग्राहक तो नमुना प्रोटोटाइपच्या किमतीला घेत नाहीत.