ओनामा आणि जपानांतील सिद्धम् लिपि

आलापल्लीच्या बाजारांत मराठी, तेलुगु व गोंडी या भाषा एकत्र ऐकूं येतात. अक्षरारंभास मराठी मनुष्य ‘ओनामा’ म्हणतो, तर तेलुगु शेजारी वर्णमालेसच ‘ओनमालु’ म्हणतो. दोन्ही शब्द ‘ॐ नमः’ या मंगलवचनापासून निघाले. मराठी परंपरेंत तें ‘ॐ नमः सिद्धम्’ असें पुरें होतें. यांतील ‘सिद्धम्’ हें पद जपानांत एका लिपीचें नांव होऊन राहिलें आहे. तें तेथें कसें पोंचलें व तेथील लेखनकलेंत त्याचें स्थान काय, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

आपल्याकडील अनेक प्राचीन शिलालेखांचा व ताम्रपटांचा आरंभ ‘सिद्धम्’ या पदानें होतो. सातव्या शतकांत हिंदुस्थानांत येऊन गेलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग यानें, मुलें सहाव्या वर्षीं या नांवाचा वर्णपाठ शिकूं लागतात, असें नमूद केलें आहे. पुढें चीनमध्यें मंत्र लिहिण्याच्या भारतीय लिपीसच हें नांव पडलें. जपानी भिक्षु कूकाइ (इ. स. ७७४–८३५) हा ८०४ सालीं चीनला गेला, प्रज्ञ नामक भारतीय पंडितापाशीं संस्कृत शिकला आणि ८०६ मध्यें स्वदेशीं परतला. जपानी मुखांत ‘सिद्धम्’चें ‘शित्तान’ झालें. होर्युजी मठांतील जी ताडपत्री पोथी माक्स म्युलरनें १८८४ सालीं प्रसिद्ध केली, तिच्या शेवटीं संपूर्ण वर्णमाला लिहिलेली आहे. ताडपत्रावरचें हें अक्षर पूर्वेकडे कुंचल्याखालीं आलें. वळण ओळखीचें राहिलें. पण कुंचल्याच्या दाबाप्रमाणें रेघ जाड-बारीक होऊं लागली आणि ओळ वरून खालीं उतरूं लागली.

यावरून जपानी लिपीच हिंदुस्थानांतून गेली असें कोणी म्हणेल, तर तें ग्राह्य नाहीं. जपानी ‘काना’ अक्षरें चिनी अक्षरांच्या संक्षेपानें बनलीं. आपलें देणें आकृतींत नसून क्रमांत आहे. त्यांचे स्वर अ, इ, उ, ए, ओ. पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व. चवर्गाच्या जागीं ‘स’ व पवर्गाच्या जागीं ‘ह’ पाहून वाचक थबकेल. परंतु या ‘ह’चा प्राचीन उच्चार ‘प’ होता व ‘स’चा ‘च’च्या जवळचा असावा, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. शित्तानाच्या अभ्यासांतूनच हा क्रम सिद्ध झाला.

जपानांत थडग्यांमागें उभ्या केलेल्या लांकडी फळ्यांवर ख, ह, र, व, अ हीं पंचमहाभूतांचीं बीजाक्षरें आजही कुंचल्यानें लिहितात. तें वळण आपल्या व्यवहारांतून केव्हांच गेलें. उरला ‘ओनामा’ हा शब्द, आणि त्याचा अर्थ सांगणारेही थोडे. आयुष्यभर मुलांकडून अक्षरें गिरवून घेतलेल्या प्रस्तुत लेखकासही त्याचें मूळ निवृत्तीनंतरच उमगलें. या वनप्रदेशांतील वृद्धांपैकीं कोणास अक्षरारंभाचें संपूर्ण वचन आठवत असेल, तर वाचकांनीं तें जसेंच्या तसें, उच्चारांतील अशुद्धांसह, टिपून ठेवावें. तीं अशुद्धेंच पुष्कळदां इतिहासाचीं साधनें ठरतात.