स्वयंसेवा आणि सरकार

दानधर्म आपल्या समाजाला नवा नाही. पाणपोई, धर्मशाळा, अन्नछत्र ही त्याची जुनी रूपे. परंतु तेथे दाता आपल्या जागी राहतो आणि गरजवंताने त्याच्या दारी यावयाचे असते. ही दिशा कशी उलटली, हे पाहावयाला आपणां ठाणेकरांना फार दूर जावयाला नको.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडी निघाली, पण गरिबांची मुले तिच्याकडे येईनात. तेव्हा त्या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच! पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची मुले गुरांमागे रानात जात. म्हणून शाळाही त्यांच्यामागे गेली, आणि तिचे नाव कुरणशाळा झाले.

इंग्लंडातही असेच घडले होते. १८८४ साली पूर्व लंडनमध्ये टॉयन्बी हॉल ही संस्था निघाली आणि विद्यापीठातील तरुण गरिबांच्या वस्तीत राहावयास आले. तेथे काही काळ काम केलेल्या विल्यम बेव्हरिज यांच्याच १९४२ च्या अहवालावर ब्रिटनचे कल्याणकारी राज्य उभे राहिले. तरीही १९४८ मध्ये त्यांनी स्वयंस्फूर्त कार्यावर ग्रंथ लिहिला. सरकार पुढे आले म्हणून नागरिकाने मागे सरावे, हे त्यांना मान्य नव्हते.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली, आणि अंगणवाडी देशभर पसरली. स्वयंसेवेचा याहून मोठा विजय कोणता? परंतु एक गोष्ट मनाला लागते. सरकारने अंगणवाडी घेतली, तिच्याबरोबर 'सेवा' हा शब्दही घेतला. अंगणवाडीतील बाईला वेतन नव्हे, मानधन मिळते. तिला उपदान मिळाले पाहिजे, हे ठरावयाला २०२२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागले. ताराबाईंनी त्याग आपण होऊन पत्करला. तोच दुसऱ्या बाईकडून कमी मोलात करवून घेणे, याला आम्ही सेवा म्हणणार नाही.

मग आपले काम कोणते? देणगीची पावती घेऊन आपण मोकळे होतो. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीचा उंबरा आपल्यापैकी किती जणांनी ओलांडला आहे? तेथे जावे, काय उणे आहे ते पाहावे, आणि सरकारला जाब विचारावा. ताराबाई चालत अंगणापर्यंत गेल्या. आपल्याला निदान गल्लीच्या टोकापर्यंत तरी जाता येईल.