घराच्या उंबरठ्यावरची शाळा : कोलकात्यातील दूरशिक्षणाचा दीर्घ प्रवास

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संवाद साधला. भारतातील मोबाइल दूरध्वनीवरील हे पहिले संभाषण मानले जाते. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी आलेल्या कॉललाही पैसे मोजावे लागत. पाव शतकाने हीच दोन साधने मिळून लक्षावधी मुलांची शाळा होतील, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

घरी बसून शिकणे, काही दिवस वर्गात व काही दिवस पडद्यासमोर शिकणे, सवडीनुसार अभ्यास करून परीक्षा देणे, या गोष्टी आज नवलाईच्या वाटतात. पण कोलकाता शहराला हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे परिचित आहे. साधने बदलत गेली. मूळ प्रश्न मात्र तोच राहिला. धडा घरापर्यंत पोहोचवता येतो, पण विद्यार्थ्याची शंका आणि त्याचे उत्तर शिक्षकापर्यंत परत कसे यावे?

जोडासाँको येथील ठाकूरवाड्यात हा प्रश्न पैशाने सुटला होता. १८६१ साली जन्मलेल्या रवींद्रनाथांचे मन ओरिएंटल सेमिनरीपासून सेंट झेवियर्सपर्यंत कोणत्याच शाळेत रमले नाही. त्यांचे खरे शिक्षण घरी झाले. थोरले बंधू हेमेंद्रनाथ यांनी आखलेल्या दिनक्रमात पहाटेच्या कुस्तीपासून संध्याकाळच्या इंग्रजीपर्यंत सारे विषय होते. रविवारी सीतानाथ दत्त विज्ञानाचे प्रयोग दाखवीत. काचपात्रातील पाण्यात लाकडाचा भुसा टाकून ते खालून तापवले, की गरम पाणी वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, हे भुशाच्या हालचालीवरून दिसे. त्या दर्शनाचा विस्मय रवींद्रनाथ अखेरपर्यंत विसरले नाहीत. १८७८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले. प्रार्थना समाजाच्या या संस्थापकाची कन्या अन्नपूर्णा त्यांची इंग्रजीची शिक्षिका झाली. या साऱ्या शिक्षणात शिक्षक समोर होता आणि शंका तत्क्षणी विचारता येत होती. पण असे शिक्षण मोजक्याच घरांना परवडणारे होते.

ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नव्हते, अशांचे काय? बेथून यांनी १८४९ साली कोलकात्यात मुलींची शाळा काढली, तरी अंतःपुरातील विवाहित स्त्रिया तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हत्या. उमेशचंद्र दत्त आणि त्यांच्या ब्राह्म सहकाऱ्यांनी १८६३ मध्ये ‘बामाबोधिनी पत्रिका’ सुरू केली ती त्यांच्यासाठी. भाषा, भूगोल, खगोल, आरोग्य, बालसंगोपन आणि विज्ञान असे विषय सोप्या बंगालीत तिच्यातून मांडले जात. केवळ वाचनसाहित्य पुरवून ही मंडळी थांबली नाहीत. त्यांनी घरच्या अभ्यासासाठी वर्षवार पाठ्यक्रम आखला आणि परीक्षाही घेतल्या. त्यामुळे वाचक स्त्री विद्यार्थिनी झाली, कारण तिने लिहिलेले कोणीतरी वाचणार होते. त्या काळातील नवे तंत्रज्ञान म्हणजे छापखाना आणि टपाल. त्यांच्या आधारे उभी राहिलेली ही दूरशाळाच होती.

हाच विचार पुढे रवींद्रनाथांनी व्यापक केला. त्यांनी विश्वभारतीच्या वतीने ‘लोकशिक्षा संसद’ स्थापन केली. शाळेत जाण्याची संधी हुकलेल्यांनी घरीच अभ्यास करावा आणि ठिकठिकाणच्या केंद्रांवर परीक्षा द्यावी, अशी तिची योजना होती. १९३७ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी ‘विश्वपरिचय’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले आणि ते भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले. अणूपासून नक्षत्रलोकापर्यंतचे ज्ञान शिक्षकाविना शिकणाऱ्यालाही उमगावे, ही त्यामागची धडपड होती.

दरम्यान आकाशमार्गाने जाणारे साधन आले होते. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत्चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. २६ ऑगस्ट १९२७ रोजी, मुंबईपाठोपाठ, कोलकात्याचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुढे शाळांसाठीही कार्यक्रम होऊ लागले. एकच आवाज एकाच वेळी हजारो घरांत पोहोचू लागला, हा मोठा लाभ होता. मात्र नभोवाणी बोलू शके, ऐकू शकत नसे. मुलाला धडा समजला की नाही, हे सांगण्याची सोय तिच्यात नव्हती.

ती सोय अंकीय यंत्रांनी आणली. तिची पूर्वपीठिकाही याच शहरात आढळते. बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ मध्ये ब्रिटनहून आणलेला एचईसी-२एम हा देशातील पहिला अंकीय संगणक बसवला गेला. संगणक, मोबाइल आणि इंटरनेट एकत्र आल्यावर एकाच वाटेने धडा जाणे आणि उत्तर परत येणे शक्य झाले. तांत्रिक अडचण संपली; सामाजिक अडचण मात्र उरली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती उघड झाली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. त्यातच २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ आले आणि कोलकात्याच्या अनेक भागांत वीज व इंटरनेट कित्येक दिवस बंद राहिले. वीज गेली की वर्ग गेला. राज्य सरकारने दूरचित्रवाणीवरून धडे दिले. बारावीच्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट किंवा फोनसाठी प्रत्येकी १०,००० रुपये दिले. लहान मुलांसाठी मात्र हे उपाय अपुरे होते. वाचायला नुकतीच शिकलेली मुले पडद्यासमोर बसून शंका विचारतील, ही अपेक्षाच अवास्तव होती.

७ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्यात ‘पाडाय शिक्षालय’ सुरू झाले, त्यामागे ही जाणीव होती. बंगालीतील पाडा म्हणजे आपली आळी. सातवीपर्यंतच्या मुलांचे वर्ग मैदानांत, मोकळ्या आवारांत भरू लागले. जवळपास दोन वर्षांनी अनेक मुलांना शिक्षक समोर दिसले. सर्वांत आधुनिक साधनांनंतर झाडाखालच्या शाळेकडे वळावे लागले, यात माघार नव्हती. परतीची वाट पुन्हा खुली करण्याचा तो प्रयत्न होता.

आज घरी शिकणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, पश्चिम बंगालमध्ये रवींद्रनाथांच्या नावाचे मुक्त विद्यालय आहे, ‘दीक्षा’सारखी शासकीय व्यासपीठे आहेत. साधनांची वाण नाही. परंतु कोणत्याही ऑनलाइन किंवा मिश्र वर्गाची पारख करताना पाहण्यासारखी गोष्ट चित्रफितींची संख्या नव्हे. मुलाने लिहिलेली वही कोण वाचतो, त्याची चूक किती दिवसांत त्याला कळते, शिक्षकाची प्रत्यक्ष भेट कधी होते आणि इंटरनेट बंद पडले तर पर्यायी सोय कोणती, हे विचारले पाहिजे. पत्रिका आणि टपाल एवढ्याच भांडवलावर ‘बामाबोधिनी’च्या मंडळींनी यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर १८६०च्या दशकात शोधले होते. हाती एवढी साधने असताना आजच्या व्यवस्थेकडून त्याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.