सातवीच्या पुढची वाट

आज जालन्यात जागोजाग हायस्कुलं दिसतात. त्यामुळं आपल्या पोरांना वाटतं, हे सगळं पहिल्यापासून असंच होतं. म्हणून थोडा इतिहास सांगतो. मी कुणी इतिहासकार नाही, रोलिंग मिलमधला कामगार आहे. जे वाचलं ते रात्रपाळीतल्या सुट्टीत.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. हायस्कुलं मोजकी, तीही शहरात, आणि माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला गणितसुद्धा परक्या भाषेत शिकावं लागे. अस्पृश्यांच्या लेकरांची तर गोष्टच सोडा. पलीकडे मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी खरी अडचण ओळखली होती. नुसती शाळा उघडून भागत नाही. खेड्यातलं पोरगं शहरात राहणार कुठं, खाणार काय? म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापूरला वसतिगृह काढले. 1928 नंतर हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी वसतिगृहे झाली. पण मध्ये निजामाची हद्द होती. आमच्या आजोबांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले आणि 1950 ला औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज सुरू झाले, तेच आपले मिलिंद. नागसेनवनात वसतिगृहेही झाली. मिलिंद हायस्कूल मात्र त्यानंतर, 1955 चे. कुणी म्हणेल, कळस आधी आणि पाया मागून! मला तसं वाटत नाही. शिकलेले मास्तरच नसतील तर खेड्यात हायस्कूल चालवणार कोण? मिलिंदमधून निघालेली कितीतरी पोरं पुढं मराठवाड्यात मास्तर झाली.

तरी माझ्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल तीन कोसांवर. आठवीचं वर्ष पायी काढलं, पुढं जमलं नाही. वसतिगृहासाठी अर्ज करायचा असतो, हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मिलमध्ये लागल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झालो. इंग्रजीत दोनदा गचकलो, ते निराळं.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत शिक्षण दिलं, म्हणजे आठवीपर्यंत. मी थांबलो तिथंच कायदाही थांबतो! 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्के होती, आपल्या जिल्ह्याची 71 च्या आसपास. दिवाळीनंतर मंठा, घनसावंगीकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि नववी-दहावीची लेकरं, त्यातही पोरी, गाडीत बसून जातात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 साली सरकारने वसतिगृहांची योजना जाहीर केली, तिच्यात जालनाही आहे. समाजकल्याणची वसतिगृहे तर आधीपासून आहेत. शाळा सुरू झाल्या की अर्ज निघतात, आणि कळतं त्यालाच ते मिळतात.

म्हणून आता विहाराच्या फळ्यावर या अर्जांची तारीख लिहितो. अक्षर माझं आहे, वाकडं आहे, तेवढं चालवून घ्यावं.