न पाहिलेल्या मुंबईचा मनोरा

बी.एड. करत असताना मुंबई विद्यापीठात काही कामासाठी जाणे झाले, की मी राजाबाई टॉवरखाली थोडा वेळ थांबायचो. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दोन लाख रुपये दिले, एवढे ठाऊक होते. पण शेजारचा पदवीदान सभागृह चर्चसारखा का दिसतो, याचे उत्तर फार उशिरा मिळाले. दोन्ही इमारतींचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि त्यांची हयात चर्च बांधण्यात गेलेली. ते मुंबईला कधी आलेच नाहीत. नकाशे लंडनहून आले.

स्कॉट 1811 साली एका पाद्र्याच्या घरी जन्मले. सुरुवातीला त्यांनी गरिबांसाठीची सरकारी आश्रयगृहे बांधली. पुढे प्युजिनचे लेखन वाचून ते गॉथिक शैलीकडे वळले. 1842 च्या आगीत हॅम्बर्गचे सेंट निकोलस चर्च जळाले. नव्या चर्चचे काम स्कॉट यांना मिळाले. त्याचा 147 मीटरचा मनोरा 1874 ते 1876 या काळात जगातली सर्वांत उंच इमारत होता.

त्यांच्यावर खरा वाद झाला तो जीर्णोद्धारावरून. ईली, लिचफिल्ड, सॅलिस्बरी अशी कितीतरी जुनी कॅथेड्रल त्यांनी दुरुस्त केली. जुन्या चर्चचा जीर्णोद्धार मूळ रूपाशी प्रामाणिक राहून व्हावा, असे पुस्तक त्यांनीच 1850 मध्ये लिहिले होते. तरी टीकाकार म्हणत, मूळ रूप शोधण्याच्या नादात मधल्या शतकांच्या खुणा पुसल्या जातात. ट्यूक्सबरीच्या चर्चचे काम त्यांच्याकडे असल्याचे कळताच विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली. त्यांचे म्हणणे साधे होते: डागडुजी करा, पण इतिहास खरवडू नका.

मार्च 1878 मध्ये स्कॉट वारले. राजाबाई टॉवर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुरा झाला.

हे वाचताना मला आमच्या गावची मशीद आठवली. काही वर्षांपूर्वी तिचे नूतनीकरण झाले. दगडी फरशीवर टाइल्स आल्या, दरवाजावरचा फारसी शिलालेख ऑइलपेंटखाली गेला. हेतू सगळ्यांचा नेक होता. वर्गणी मीही दिली होती. मी उर्दूचा शिक्षक. लहानपणापासून त्या दरवाजातून ये-जा केली, पण तो शिलालेख एकदाही उतरवून घेतला नाही. आता त्यावर काय लिहिले होते, हे गावात कुणालाच सांगता येत नाही.