पॉल बॉयमरचा मृत्यू: कादंबरीतला आणि पडद्यावरचा

१/ रेमार्क यांच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९२९) या कादंबरीत जर्मन सैनिक पॉल ऑक्टोबर १९१८ मधील एका शांत दिवशी मरतो. त्या दिवशीच्या लष्करी अहवालानुसार आघाडीवर विशेष काही घडलेलेच नसते.

२/ एडवर्ड बर्गर यांच्या २०२२ च्या चित्रपटात तो ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधीच्या अगदी तोंडावर मरतो. कारण एका सेनापतीला पराभव सोसवत नाही. शस्त्रसंधीवर सही करणारे एर्झबर्गर कादंबरीत नाहीत, इथे आहेत.

३/ याच सहीसाठी देशद्रोही ठरवून १९२१ मध्ये उजव्या अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली. 'मुत्सद्द्यांनी सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला' या मिथकाला बर्गर उत्तर देतात. मात्र त्या बदल्यात, कोणाच्याही खिजगणतीत नसलेले पॉलचे मरण हरवते.